चौऱ्याण्णव आवर्तनं

पहिल्यांदा तो माझ्याकडे आला तो कान तपासायला.
काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं,
सूर ऐकू आला की दाबा म्हटलं.
मी एकेक बारीक सूर सोडत गेले
आणि कागदावरची रेघ उतरत गेली,
हॅलिफॅक्सच्या गल्ल्यांसारखी, थेट खाली.

आल्विन हेलिवेल. वय एकोणऐंशी.
काय करता?
म्हणाला, मोजतो. मोजून झालं की मारतो.

मंगळवारी चर्चमागच्या हॉलमध्ये गेले
तर तांब्याचे चार हंडे ओळीनं उभे.
हो, हंडेच. टिंपनी म्हणायला मला महिना लागला.
एकाच्या पोटाला जिन्यावरून गडगडल्याचा पोचा,
आतून लाकडी हातोडीनं ठोकून काढलेला,
तरी उजेड तिरका पडला की दिसायचाच.

कातडं वासराचं.
ओल्या हवेत सैल पडतं, रेडिएटर लागले की ताठतं.
"प्लास्टिकला हवामान कळत नाही," तो म्हणायचा.
हे चांगलं की वाईट, ते मात्र सांगायचा नाही.

समोरासमोरचे स्क्रू जोडीनं पिळ. पाव वेढा, बस.
एकाच बाजूनं आवळलंस तर तोंड वाकडं करून बोलेल.
(तबल्याचे गठ्ठे ठोकताना
मिरजेचे उस्मानचाचा हेच म्हणायचे,
फक्त शिव्या देऊन.)
उचलताना काठाला हात लावायचा नाही.
आणि मधोमध कधी मारू नको,
मधोमध काही नसतं.
काठापासून चार बोटं आत ये,
सूर तिथे राहतो.

पण त्याची खरी अडचण वेगळी होती.
पितळी वाद्यं दुसऱ्याच सुरात गर्जत असताना
कातड्याशी कान नेऊन, बोटानं हलकेच टिचकी मारून,
पायाखालचं पेडल केसभर दाबून
पुढचा सूर आधीच लावून ठेवायचा असतो.
भर बाजारात कुणी कानात सांगावं
आणि तेवढंच ऐकू यावं, तसं.
ते आता त्याला ऐकू येत नव्हतं.
माझ्या यंत्रानं ते मलाच सांगितलं होतं
आणि मी ते त्याला.

म्हणून मी त्याच्या शेजारी स्टुलावर.
मी वाकायची, टिचकी मारायची,
भुवई वर केली की पेडल वर,
डोळे मिटले की झालं.

नोव्हेंबरात टाउन हॉलमध्ये कार्यक्रम.
दुसऱ्या भागात आम्हाला चौऱ्याण्णव आवर्तनं गप्प बसायचं होतं.
तो मांडीवर बोटं टेकवत मोजत होता,
मी पेरांवर.
माझी त्र्याण्णव झाली
आणि त्यानं काठ्या उचलल्या.
मी त्याची बाही धरणार होते.
खरंच धरणार होते.

पडला तो ठोका नेमका जागेवर.
सगळा वाद्यवृंद त्याच्यावर येऊन उभा राहिला.

नंतर व्हॅनमध्ये ढोल चढवताना म्हणाला,
"चेलो वाजत होते तेव्हा तू ऐकत बसलीस.
एक तिथे सांडलं."
आणि हसला, कारण त्याचं आता
ऐकताना काहीच सांडत नाही.

वसंतात तो मुलीकडे व्हिटबीला गेला.
काठ्यांची पिशवी माझ्याकडे.
फेल्ट एका अंगानं दबलेलं, म्हणून जरा फिरवून धरते.
ढोलाखाली ओला स्पंज ठेवते, आर्द्रतेचा काटा बघते,
पेडल किरकिरलं तर तेलाचा एक थेंब.

झाकण घालण्याआधी
कातड्याजवळ तोंड नेऊन त्याच्या सुरात हुंकार भरते.
ढोल आतून तोच सूर परत देतो,
कुणीतरी तळाशी बसून ओळख दिल्यासारखा.

मग बाहेरून बिअरचा ट्रक जातो
आणि ढोल त्यालाही ओ देतो.